दोन कामगार, एक एकर अननस आणि 12 लाख

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या एका शिक्षिकेचे यजमान बोटीवरची नोकरी सोडून कायमचे घरी येत आहेत. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातल्या मुदत ठेवीत 12 लाख आहेत. घरापासून दोन किलोमीटरवर एक हेक्टर वडिलोपार्जित डोंगर आहे आणि त्यात 60 जुनी काजूची झाडं. झारखंडचे दोन कामगार कायमचे ठेवून तिथे एक एकर अननस लावावा, की घराभोवतीच्या 600 चौरस मीटरमध्ये घरापुरती फळबाग करून पैसे बँकेत ठेवावेत?

ताई, तुम्ही पाठवलेला हिशेब नीट आहे, पण तो अननस विकला जाऊ लागल्यानंतर सुरू होतो. मी त्याच्या आधीचे 18 महिने मांडतो, कारण सकर (अननसाच्या बुंध्याला फुटणारं रोप) लावल्यापासून पहिलं फळ हाती यायला साधारण तेवढाच वेळ जातो. दोन कामगारांचा पगार प्रत्येकी 16,000, म्हणजे वर्षाला 3,84,000. खोप, वीज, पाणी, गॅस यांचे महिन्याला 3,000 धरले तर 36,000. गावी जाण्यायेण्याचं भाडं आणि सणाची उचल मिळून 20,000. एकूण वर्षाला 4,40,000 आणि दीड वर्षाला 6,60,000. एकरी 16,000 सकर पाच रुपयांनी 80,000. साफसफाई, बांध, ठिबक आणि सौर कुंपण यांना तुम्हीच 3 लाख धरलेत. म्हणजे पहिला अननस विकण्याआधी 10,40,000 खर्च झालेले असतील आणि हातात उरतील 1,60,000. यजमानांचा पगार त्या वेळी बंद झालेला असेल.

आता येणारं पीक बघा. 16,000 झाडांपैकी 12,000 झाडांनी विकण्याजोगं फळ दिलं आणि जागेवर 30 रुपये मिळाले, तर 3,60,000 येतात. नुसता दीड वर्षाचा कामगारांचा खर्च त्या 12,000 फळांवर वाटला तर फळामागे 55 रुपये पडतात. कामगार काजूचंही काम करतील हे मान्य, पण 60 झाडं एवढी तूट भरून काढणार नाहीत. खोडव्याच्या पिकात सकरांचा खर्च नसतो, पण फळ लहान होतं आणि मजुरी तीच राहते.

बाहेरून आलेल्या माणसावर विसंबायचं म्हटलं की आपल्याकडे लगेच तो टिकेल का, विश्वासू असेल का, अशी चर्चा सुरू होते. माझी हरकत वेगळी आहे. ही माणसं कष्टाळू असतात, आणि सत्तरीपासून काणकोणपर्यंत कित्येक बागायती आज त्यांच्याच हातांवर चालतात. पण त्यांचं स्वतःचं घर आहे, शेत आहे. होळीला ते गावी जातात, आणि होळी येते मार्चमध्ये, म्हणजे ऐन काजूत. जून-जुलैत त्यांची भातलावणी असते, तेव्हाच आपली लागवड आणि तण काढणी. त्यांनी जाऊ नये असं म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही. त्यांच्या जाण्याने जे पीक बुडतं, ते पीक आपण निवडू नये.

अननस नेमका तसा आहे. सगळी फळं एकदम यावीत म्हणून झाडाला 39-40 पानं झाली की इथ्रेल (फुलोरा आणणारं संजीवक), युरिया आणि कॅल्शियम कार्बोनेटचं द्रावण प्रत्येक झाडाच्या पोग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या खोबणीत, 50 मिली ओततात. 16,000 झाडांना हे 800 लिटर होतं आणि ते थोड्या दिवसांत संपवावं लागतं. पुढे फळंही एकदमच पिकतात. त्या आठवड्यात कामगार नसले तर झाडावर पिकलेला अननस तुमची वाट बघत नाही. रानडुक्कर, साळींदर आणि खेती (माकडं) मात्र वेळेवर येतात. सौर कुंपणाने गवा आणि डुक्कर बऱ्यापैकी अडतात, पण खेती झाडावरून आत उतरतात.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा उतारा) तुमच्या दोन दिरांचीही नावं आहेत आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेली नाही. अविभक्त जमिनीत तीन लाखांचं कुंपण आणि ठिबक घालणं म्हणजे उद्या वाटणीत तो भाग दुसऱ्याकडे गेला तर खर्चावर पाणी सोडणं. कागद होईपर्यंत डोंगरात कायमची कोणतीही गुंतवणूक करू नका, हे मी ठामपणे सांगतो. अनुदानही हिशेबात धरू नका. ते मिळालं तरी खर्चानंतर हातात येतं.

मग डोंगराचं काय? काजू आहे तसा ठेवा. गेल्या वर्षी 250 किलो बी मिळाली असं तुम्ही लिहिलंय. किलोला 150 धरले तर 37,500. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाडांखालची साफसफाई करा, रोजंदारीवर दहा-बारा दिवसांत होईल. खोडाच्या बुंध्याशी डिंक आणि भुसा दिसला तर खोडकिडा आहे. साल खरवडून अळी काढा, उशीर केलात तर अख्खं झाड जातं. वेचणी रोज सकाळी तुम्ही दोघं कराल तर जवळपास सगळं तुमचं. जमत नसेल तर गावातल्याच एखाद्या कुटुंबाला अर्धेलीने द्या. कागदावर फक्त फेब्रुवारी ते मे या काळात फळ वेचण्याचा हक्क लिहा, जमीन कसायला दिल्याचा एक शब्दही नको, आणि मजकूर वकिलाला दाखवा. गोव्यात कुळाचे दावे किती पिढ्या चालतात हे वेगळं सांगायला नको. बी बागायतदारांच्या सहकारी संस्थेत घाला, पावत्या जपा आणि कृषी खात्याचं कृषी कार्ड करून घ्या. भाव पडला तर आधारभूत किमतीतला फरक त्या पावत्यांवरच मिळतो.

घराची बाग मात्र या जूनमध्येच लावा. 600 चौरस मीटरमध्ये एक मानकुराद आंबा, दोन बाणवली माड, एक चिकू, एक नीरफणस, दोन लिंबं, दोन पेरू, न्हाणीच्या सांडपाण्यावर सहा केळी (साळदाटी किंवा रसबाळी) आणि सहा पपया आरामात बसतात. माड आणि आंब्याला मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा हवा, बाकीच्यांना दोन फुटांचा चालेल. जांभा दगड लागला तर तो फोडून बाहेर काढा, तिथेच माती टाकून झाकू नका, नाहीतर तिसऱ्या वर्षी मुळं अडतात आणि झाड खुंटतं. मानकुराद लावताना कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर वर राहू दे आणि जोडावरची प्लास्टिकची पट्टी सोडवा. पहिली दोन वर्षं जोडाखालून जे फुटेल ते दर महिन्याला खुडा. हे कोणी करत नाही. मग खालचा रायवळ वर चढतो, कलम मरतं, आणि सहा वर्षांनी मानकुराद म्हणून वाढवलेल्या झाडाला आंबट बिटकी लागते.

या बागेतून कमाई होणार नाही. पपई दहा महिन्यांत, केळी वर्षभरात, लिंबू तीन-चार वर्षांत, माड सहा-सात वर्षांत. पण विकलेल्या फळाला घाऊक भाव मिळतो आणि घरी खाल्लेल्या फळाचा किरकोळ भाव वाचतो. दोन माडांचे वर्षाला 140 नारळ आले आणि तुम्ही आता 40 रुपयांनी घेत असाल, तर 5,600 तिथेच वाचले. त्यातून पाडेलीची (नारळ पाडणाऱ्याची) मजुरी वजा करा. फेब्रुवारी ते मे आठवड्यातून दोनदा पाणी, एरवी दोघांचे मिळून आठवड्याला दहा तास. एवढं काम तुमच्या चार हातांत मावतं.

पैशांची विभागणी अशी करा. घरखर्च महिन्याला 50,000 आहे, म्हणून सहा महिन्यांचे 3 लाख लगेच मोडता येईल अशा ठेवीत. साडेसात लाख दोघांच्या नावे पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत. 7.4 टक्के दर धरला तर महिन्याला 4,625 येतात आणि हा व्याजदर पाच वर्षं बदलत नाही. वर्षाच्या आत पैसे काढता येत नाहीत, नंतर तीन वर्षांपर्यंत काढले तर 2 टक्के कापतात. बागेला, पंपाला आणि पाइपला 60,000. उरलेले 90,000 काजूच्या कामाला आणि इन्व्हेंटरीच्या खर्चाला.

यजमान परतले की एनआरई खातं तसंच चालू ठेवू नका. बँकेला कळवून ते निवासी करून घ्यावं लागतं, आणि त्यानंतरचं व्याज करपात्र होतं. तुमचा पगार आहे, म्हणून काजूचं उत्पन्न 5,000 च्या पुढे गेलं तर ते करमुक्त असूनही कराचा दर ठरवताना मिळवलं जातं, विवरणपत्रात दाखवा.

कधी साफसफाईला बाहेरचे कामगार चार-सहा दिवस घेतलेत, तर मजुरी शक्यतो खात्यात द्या, राहायला ठेवणार असाल तर पोलीस ठाण्यात पडताळणीचा अर्ज भरा, आणि ज्यांचं बँक खातं आहे त्यांचा 20 रुपयांचा वार्षिक अपघात विमा उतरवून द्या. काजूच्या डोंगरावर पाय घसरतो, कोयता लागतो, सापही निघतो.

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या. कलमं रोपवाटिकेत आत्ताच सांगून ठेवा, मानकुराद जून उजाडेपर्यंत उरत नाही.