वाचकांचे प्रश्न : पावसाळी सहल, ओढा आणि दोर

प्रश्न : आमच्या युवक मंडळातर्फे जुलैमध्ये नववी-दहावीच्या चाळीस मुलामुलींना कोंढाणे लेण्यांच्या वाटेने राजमाचीला न्यायचे ठरले आहे. सोबत आम्ही सहा मोठी माणसे आहोत. पालकांची संमतिपत्रे घेतली आहेत, प्रथमोपचाराची पेटी आहे आणि ओढे ओलांडण्यासाठी दोरही आणला आहे. एवढी तयारी पुरेशी आहे का?
– एक शिक्षक, बदलापूर

उत्तर : संमतिपत्र आणि पेटी या दोन्ही गोष्टी अपघात झाल्यानंतर उपयोगी पडणाऱ्या आहेत, तो टाळणाऱ्या नव्हेत. तुमच्या यादीतील दोराची मात्र मला खरोखर काळजी वाटते. दोर सोबत असला की चढलेल्या ओढ्यातही उतरून पाहण्याचा मोह होतो. त्यातच मुलाच्या कमरेला दोर बांधून पलीकडून ओढण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. मुलाचा पाय घसरला की प्रवाहाचा जोर आणि ताणलेला दोर मिळून त्याला पाण्याखाली दाबून धरतात आणि भिजलेली गाठ त्या वेळी सुटत नाही. वाहत्या पाण्यात कोणाच्याही अंगाला दोर बांधू नये.

सह्याद्रीतील ओढ्यांचे पाणलोट लहान आणि उतार तीव्र असतात, त्यामुळे वर पठारावर सर कोसळली की खाली पाऊस नसतानाही काही मिनिटांत पाणी चढते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेही पाणी असेच अचानक वाढल्यामुळे. पाणी गढूळ होणे, त्यातून पालापाचोळा व काटक्या वाहत येणे आणि त्याचा आवाज जड होणे, ही लक्षणे दिसताच मुलांना काठापासून उंच जागी न्यावे. दिलासा एवढाच की असे ओढे पाऊस ओसरला की बहुधा काही तासांत उतरतात. म्हणजे यावरचा उपाय थांबणे हा आहे आणि थांबण्यासाठी हाताशी वेळ हवा. संध्याकाळची कर्जतची गाडी पकडायचीच, असे वेळापत्रक केले की थांबणे अशक्य होते आणि मग दोर पिशवीतून बाहेर निघतो.

म्हणून माघारीचा निर्णय घरून निघण्यापूर्वीच लिहून ठेवावा. आदल्या संध्याकाळी हवामान विभागाचा रायगड किंवा पुणे जिल्ह्यासाठी नारिंगी वा लाल इशारा असेल, तर सहल रद्द. वाटेतील ओढ्याचे पाणी मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागत असेल, किंवा तळ दिसत नसेल, तर तिथूनच मागे. दुपारी ठरलेल्या वेळेला राजमाची गडाखालच्या उधेवाडी गावात पोहोचलो नसू, तर बालेकिल्ला पाहायचा नाही. हा अधिकार सहाही जणांत वाटू नका. एकाच व्यक्तीकडे द्या आणि ती व्यक्ती शक्यतो पैसे गोळा करणारी नसावी. ज्याने बसचे आगाऊ पैसे भरले आहेत त्याला पाणी नेहमी थोडे कमीच दिसते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

चाळीस ही संख्याही त्या वाटेला जास्त आहे. रानातल्या चढणीवर रांग लांबली की पुढच्याला मागचा दिसत नाही. वीस-वीसच्या दोन तुकड्या वेगवेगळ्या दिवशी न्या. वाट पावसाळ्यात चाललेला माणूस सर्वांत पुढे आणि तितकाच अनुभवी माणूस सर्वांत मागे ठेवा. मागच्याच्या मागे एकही मूल राहता कामा नये. प्रत्येक ओढ्यापाशी आणि फाट्यापाशी डोकी मोजा. कोंढाणे लेण्यांवरून कोसळणाऱ्या धारेखाली मुलांना भिजायला उभे करू नका, कारण पाण्याबरोबर कड्यावरचे दगडही येतात.

धबधबे आणि गडांवर जिल्हाधिकारी पावसाळ्यात बंदी आदेश काढतात, तेही निघण्यापूर्वी तपासा. वाटेत मोबाइलची रेंज भरवशाची नसते. मुलांची यादी, वाट आणि परतीची वेळ उधेवाडीतील यजमानांकडे आणि बदलापुरात घरी थांबलेल्या एकाकडे देऊन ठेवा. मला विचाराल तर हीच सहल नोव्हेंबरात काढा.

प्रश्न : माझ्या मुलीच्या शिबिरात रॅपलिंग, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरणे, आहे. मला त्यातले काही कळत नाही. मी आयोजकांना काय विचारू?
– एक पालक, ठाणे

उत्तर : ऑगस्ट २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, तिचे प्रमाणपत्र मागा. उतरण्याच्या दोराखेरीज दुसरा सुरक्षा दोर लावतात का आणि दोन्ही दोर वेगवेगळ्या ठिकाणी बांधतात का, हे विचारा. हार्नेसचे, म्हणजे दोर अडकवण्यासाठी कमरेला व मांड्यांना बांधायच्या साजाचे, पट्टे मूल कड्याशी जाण्यापूर्वी दुसरा प्रशिक्षक पुन्हा तपासतो का, हेही विचारा. हेल्मेट डोक्यावर हलत असेल तर ते बदलून घ्यायला मुलीला सांगा. तिचे केस लांब असतील तर घट्ट वेणी घालून ती शर्टाच्या आत खोचायला लावा आणि ओढणी खालीच ठेवायला सांगा. उतरताना केस किंवा कापड दोराबरोबर डिसेंडरमध्ये, म्हणजे उतरण्याचा वेग आवरणाऱ्या दोरावरच्या साधनात, ओढले गेले, तर मूल कड्याच्या मध्यावर अडकून राहते.