पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रती सेंट्रोमिअरमुळे (गुणसूत्रावरच्या आवळलेल्या जागेमुळे) चिकटून राहतात का?

नाही, त्यांना धरून ठेवतात ती कोहेसिन नावाच्या प्रथिनांची कडी. सेंट्रोमिअर ही केवळ जागा आहे, डिंक नव्हे. डीएनएची नक्कल होत असतानाच ही कडी दोन्ही प्रतींना मिळून वेढतात आणि पुढे विभाजनाच्या क्षणी सेपरेज हे विकर (एन्झाइम) कड्याचा एक भाग कापते, तेव्हाच प्रती दोन टोकांकडे ओढल्या जातात. कोहेसिनचा शोध 1997 मध्ये यीस्टवरच्या कामातून लागला. नंतर त्याच यीस्टमध्ये संशोधकांनी सेपरेजऐवजी दुसऱ्याच विकराने कोहेसिन कापून पाहिले, तरी प्रती सुट्या झाल्या. माझ्या मते याहून सरळ पुरावा मिळणे कठीण.

मग पुस्तकातल्या ‘एक्स’ आकारात प्रती मधेच का जोडलेल्या दिसतात? माणसासारख्या प्राण्यांत विभाजन सुरू होताच भुजांवरचे (सेंट्रोमिअरच्या दोन्ही बाजूंच्या भागांवरचे) बहुतेक कोहेसिन निघून जाते. सेंट्रोमिअरपाशी मात्र शुगोशिन नावाचे प्रथिन त्याला जपते. म्हणजे पाठ्यपुस्तकातले चित्र बरोबर, त्याचे सांगितले जाणारे कारण तेवढे अर्धवट. (कोल्चिसिन हे रसायन देऊन विभाजन रोखले की भुजा जास्तच फाकतात, आणि छायाचित्रे बहुधा अशाच पेशींची असतात.)

एवढे मात्र ध्यानात ठेवा: हे दोन प्रतींमधल्या बंधाबद्दल झाले. प्रत्येक प्रतीतला डीएनए आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्याभोवती, दर गाभ्याला सुमारे 147 बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या), असा गुंडाळलेला असतो आणि विभाजनाच्या वेळी त्याला आखडून घेण्यात कंडेन्सिन या वेगळ्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो.