प्लांटेड टँकमधले (जिवंत वनस्पती लावलेल्या मत्स्यालयातले) मासे रोज सकाळी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, दुपारी ठीक असतात. काय करावे?

दुपारी ठीक असतात म्हणजे हा बहुधा रोग नाही, औषध घालू नका. दिवे बंद झाले की वनस्पती ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट माशांसोबत तोच वापरतात. त्यात सीओटू (वनस्पतींसाठी पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड) रात्रभर चालू असेल तर पहाटे दुहेरी मार बसतो.

आत्ता लगेच सीओटू बंद करा, एअर पंप लावा आणि क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने ३०-४० टक्के पाणी बदला.

पुढे सोलेनॉइड व्हॉल्व्हला (सीओटू चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेला) टायमर जोडा: दिवे लागण्याआधी तासभर सीओटू चालू, दिवे जाण्याआधी तासभर बंद. ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारे छोटे उपकरण) हिरवा हवा. पिवळा म्हणजे जास्त, पण तो रंग तास-दोन तास उशिरा बदलतो, म्हणून आधी माशांकडे बघा. फिल्टरचा आउटलेट वर वळवून पाण्यावर हलकी लाट ठेवा. तेलकट साय दिसली तर ती काढा. उन्हाळ्यात ३० अंशांच्या पुढे पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी, तेव्हा रात्री एअर पंप चालवाच.

दिवसभर धापा टाकत असतील तर मात्र अमोनिया आणि नायट्राइट तपासा, दोन्ही शून्य हवेत. नव्या अ‍ॅक्वा सॉइलमधून (टँकच्या तळाशी घालायच्या पोषक मातीतून) सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सुटतो.