पहिली क्रूझ: आधी व्हिसावरचा ‘०१’ बघा, बाकीचं नंतर

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. ग्रीसमध्ये अथेन्सच्या पिरियस बंदरातून चार रात्रींची बोट, मिकोनोस, कुशादासी, सँटोरिनी आणि परत पिरियस. बरोबर सत्तरीचे आई-बाबा. आणि तुमचा एजंट म्हणतो, ‘ग्रीसहून निघून ग्रीसलाच परत येताय, व्हिसाचं टेन्शन घेऊ नका.’ २०१८ साली पुण्यातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात बसून मी हेच ऐकलं होतं. तुम्ही विचारलंय कपड्यांचं, जेवणाचं आणि बोट लागण्याचं. त्याचंही सांगते, पण आधी हे.

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या देशांचा गट. ग्रीस त्यात आहे, पण कुशादासी तुर्कस्तानात आहे आणि तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. बोट तिथे गेली की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. परत ग्रीसला उतरताना तो तुमचा दुसरा प्रवेश धरतात. म्हणजे व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा. पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टिकरवर एंट्रीजची एक छोटी चौकट असते, तिच्यात ‘०१’ (एकदाच प्रवेश) किंवा ‘मल्ट’ (मल्टिपल, म्हणजे अनेकदा) असं छापलेलं असतं. तेवढंच बघायचं असतं, आणि तेवढंच आम्ही बघितलं नाही.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. आम्हा तिघांचे फॉर्म ऑफिसातल्या एकाने भरले. सासूबाईंचे कागद आठवड्याने गेले, तो फॉर्म दुसऱ्याने भरला आणि ‘सिंगल’वर खूण केली. पासपोर्ट परत आले तेव्हा मी चारही उघडले, पण फोटो, नाव आणि तारखा तपासून मिटून ठेवले.

पिरियसच्या टर्मिनलवर बॅगा आत गेल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने तीन पासपोर्ट बाजूला ठेवले, चौथा माझ्याकडे वळवला आणि ‘०१’च्या खाली नख टेकवलं. खूप विनवलं. सासूबाई तुर्कस्तानात खालीसुद्धा उतरणार नाहीत म्हटलं. तिने शांतपणे सांगितलं की उतरा किंवा नका उतरू, बोट बाहेर जाणारच. सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही जा गं, मी हॉटेलात बसते जप करत.” परक्या देशात, भाषा येत नसताना त्यांना एकटं कसं सोडणार? नवरा आणि मुलगी गेले, मी थांबले. सासूबाईंची औषधं मोठ्या बॅगेत होती. ती बॅग परत बाहेर यायला दीड तास लागला, आणि तेवढा वेळ त्या बाकावर पदर घट्ट धरून बसल्या होत्या. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

पुण्यात परतल्यावर त्या ऑफिसाने पहिल्या दिवशी चहा दिला आणि दुसऱ्या खेपेला ऐकवलं, ‘फॉर्मवर सही तुमचीच आहे.’ चार महिने खेटे घातले. आमच्या दोघींचे मिळून दीड लाखाच्या वर गेले, त्यातला रुपया परत आला नाही. क्रूझ कंपनीच्या अटींमध्ये कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाचीच असते. आमच्या विम्यातही चुकीच्या व्हिसाला भरपाई नव्हती. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण तेव्हा आम्ही थकलो होतो. करायला हवी होती, असं आज वाटतं. तेव्हा एजंट कितीही ओळखीचा असो, सही करण्याआधी फॉर्मची प्रत्येक ओळ स्वतः वाचा.

तुमचा अर्ज अजून गेला नसेल तर उत्तम. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पूर्ण मार्ग दाखवणारं क्रूझचं बुकिंग त्याला जोडा, म्हणजे दोनदा प्रवेश का हवा ते अर्ज तपासणाऱ्या माणसाला कळेल. तुर्कस्तानचा व्हिसाही वेगळा बघावा लागेल. वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तो ऑनलाइन मिळायचा. मी व्हिसातली तज्ज्ञ नाही आणि नियम बदलतात, म्हणून दूतावासाच्या आणि क्रूझ कंपनीच्या साइटवर आजचं काय ते बघा आणि कंपनीकडून मेलवर लेखी उत्तर घ्या. उद्या क्रोएशियाकडची क्रूझ काढलीत तरी हाच घोळ होतो. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, शेजारचं माँटेनेग्रो नाही, आणि बोटी दोन्हीकडे थांबतात.

आता बाकीचं. बोट लागण्याची भीती असेल तर खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, आई-बाबांना बीपीची औषधं चालू असतील तर नक्कीच. औषधं, चष्मे, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. बॅगा केबिनमध्ये कधीकधी संध्याकाळी येतात, आणि शेवटच्या रात्री दाराबाहेर ठेवायला सांगतात. इस्त्री आणि किटली नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. शाकाहारी जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, तिथे गेल्यावर सांगितलं तर सॅलड आणि पास्त्यावर दिवस काढावे लागतात.

बोटीवरच्या खर्चासाठी फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून नेतो ते) देऊ नका. ते त्यावर रक्कम अडकवून ठेवतात आणि किनाऱ्यावर ऐन वेळी पैसे निघत नाहीत. क्रेडिट कार्ड द्या. टिप माणशी दर दिवसाला लावतात, ती भाड्यात आहे का ते विचारून घ्या. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवरच असू द्या, बोटीवरच्या नेटवर्कचं बिल भयानक येतं.

सँटोरिनीला मोठी बोट धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटींतून बंदरावर नेतात आणि तिथून वर कड्यावरच्या ‘फिरा’ नावाच्या गावात जायला जवळजवळ सहाशे पायऱ्या किंवा केबल कार. आई-बाबांना केबल कारनेच न्या, आणि उतरतानाच्या रांगेसाठी हाताशी निदान तासभर ठेवा. बोट कुणासाठी थांबत नाही. त्याच कारणाने अथेन्सला आदल्या दिवशीच पोहोचा. पुण्याहून मुंबई विमानतळावर जाताना घाटात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

त्या चार दिवसांत मी सासूबाईंना पिरियसहून फेरीबोटीने एजिना बेटावर नेलं होतं. तिथले पिस्ते प्रसिद्ध आहेत. त्यांनी मूठभर पिस्ते रुमालात बांधून नातीसाठी जपून ठेवले. पुढे त्यांचे गुडघे गेले, बोटीवर पाय ठेवायचा राहिला तो राहिलाच.

व्हिसा आधीच लागला असेल तर आज रात्रीच सगळे पासपोर्ट काढा आणि प्रत्येकाच्या चौकटीत काय छापलंय ते इथे लिहा. कुणाचा ‘०१’ असेल तर पुढे काय करता येईल ते मिळून बघू.