मेंटॅलिझम आणि जादू वेगळी ठेवावी का? माझं तरी 'नाही'

तुमचा प्रश्न वाचला आणि 2009 सालचा मीच डोळ्यांसमोर आलो. वाढदिवस, शाळांची गॅदरिंगं यांत तुमचे जादूचे प्रयोग चालू आहेत, आता मेंटॅलिझमचे, म्हणजे मनातलं ओळखायचे, तीन-चार आयटम बसवलेत, आणि सिनियर म्हणतायत की दोन्ही एका कार्यक्रमात घेऊ नकोस. त्यांचं म्हणणं, रुमालातून कबुतर काढणाऱ्याने मनातलं नाव सांगितलं तर लोक तीही हातचलाखीच समजणार. मलाही हेच सांगितलं गेलं होतं. मी ऐकलं, तेच महागात पडलं.

फोर्स (आपल्याला हवं तेच निवडायला लावणं), पीक (लिहिलेलं गुपचूप बघणं), चिठ्ठ्या हे सगळं तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही.

तर मी जादूची पेटी माळ्यावर टाकली. काळा कोट शिवला. 'मी जादूगार नाही, मी माणसं वाचतो,' अशी सुरुवात. एका पतसंस्थेचा वर्धापनदिन होता. शेवटचा आयटम ठरलेला: पाच कर्मचारी स्टेजवर, एकाच्या मुठीत नाणं, पाचही जणांनी 'माझ्याकडे नाही' म्हणायचं आणि मी खोटारडा पकडायचा. नाणं कुणाकडे आहे ते मला भलत्याच मार्गाने कळत होतं. पण तोंडाने काय चाललंय? 'यांची पापणी बघा, आवाज बघा... साहेब सराईत दिसतात!' प्रचंड हशा. ते गृहस्थ कॅशियर होते.

दोन महिन्यांनी तिथली रोकड कमी भरली. चौकशी सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांच्या तोंडी एकच: 'त्या माणसाने स्टेजवरच ओळखलं होतं की.' मला कळल्यावर मी धावत गेलो, मॅनेजरांना सांगितलं की अहो, तो खेळ होता, मला माणसं बिणसं वाचता येत नाहीत. ते हसले. 'तुमचं सिक्रेट तुम्ही कसं सांगाल?' लेखी देतो म्हटलं, तर 'आमच्या अंतर्गत बाबीत पडू नका.' पुढे ऑडिटमध्ये नोंदीचीच चूक निघाली. तोवर कॅशियर राजीनामा देऊन मोकळे झाले होते. माझं उरलेलं अर्धं मानधनही बुडालं, पण तो भाग सोडा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. 'माझ्यात शक्ती आहे' असं म्हणत नाही म्हणून आपण स्वतःला प्रामाणिक समजतो. पण 'बॉडी लँग्वेज', 'मानसशास्त्र' हेही तितकंच खोटं असतं, वर शिकलेल्यांना जास्त पटतं. अमेरिकेत 1979 पासून दोन पोरसवदा जादूगार एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अतींद्रिय शक्तीवाले म्हणून वावरले; 1983 मध्ये त्यांना पाठवणाऱ्या जादूगार जेम्स रँडीने जाहीर केलं तेव्हा कळलं. तिथे तर शास्त्रज्ञ होते.

म्हणून आता मी दोरीच्या आयटमनेच सुरुवात करतो. दोरी कापली, जोडली, की प्रेक्षकाला कळतं, हा माणूस आपल्याला गंमत म्हणून फसवायला आलाय. नंतरच्या मनकवड्या आयटमचा दणका थोडा कमी होतो, हे खरंय. मला चालतं. आणि मिसळण्यात कमीपणा काही नाही. फ्रेंच जादूगार रॉबेर-हूदँने 1845 मध्ये पॅरिसला स्वतःचं थिएटर काढलं आणि पुढच्याच वर्षी, यांत्रिक करामती दाखवायच्या त्याच स्टेजवर, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलाकडून प्रेक्षकांच्या वस्तू ओळखवून घेतल्या. लोटली की गर्दी!

मात्र पत्त्यांचे फॅन उडवून लगेच मन ओळखू नका, मध्ये किमान एक गाणं किंवा पोरांचा आयटम टाका. तासाभराचा निव्वळ मेंटॅलिझमचा कॉर्पोरेट शो असेल तर माझं मत थोडं सैल आहे, फक्त सुरुवातीला 'हे मनोरंजन आहे' एवढं स्पष्ट बोला. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही वाचून ठेवा. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे कमावणं त्यात गुन्हा आहे. मी वकील नाही, शंका असेल तर वकिलालाच विचारा.

आणि हो, चिठ्ठीवर नाव देवनागरीत लिहायचं की इंग्रजीत ते आधीच सांगा. एका आजींनी मोडीत लिहिलं होतं, दोन मिनिटं घाम पुसत उभा होतो. पेनंही स्वतःची न्या, निळ्या शाईची, किमान दहा. निम्मी परत येत नाहीत.