नुकतंच मटण-चिकन सोडलंय, एका शेगडीवर सोपं काय बनवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी नागपुरात एकटे राहता, महिन्याभरापूर्वी मटण, चिकन, अंडी सगळं सोडलं, घरी एक शेगडी, एक कुकर, एक कढई. रोज पनीर आणि मॅगी खाऊन विटलात आणि रविवार निघता निघत नाही.

रविवारचं दुखणं मला ठाऊक आहे. आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घरी रविवारी सकाळपासून खोबरं भाजल्याचा वास यायचा. मी मटण सोडून सहा वर्षं झाली. पहिल्या दोन महिन्यांत मी केलेली चूक म्हणजे शाकाहारी म्हणजे सौम्य, असं धरून चालले. दुधीची भाजी, फिकं वरण, काकडी. आणि मग संध्याकाळी भुकेने आलूबोंडे, साबुदाणा वडा. वजन चार किलो वाढलं ते शाकाहारी झाल्यावर, हे कोणाला सांगायचीही सोय नाही.

नंतर कळलं की मला आठवण मटणाची येतच नव्हती. तर्रीची, म्हणजे रस्स्यावर तरंगणाऱ्या लाल तेलाची येत होती. म्हणून सल्ला एवढाच: सावजी रस्सा आहे तसाच ठेवा, आतला जिन्नस बदला. सावजी म्हणजे नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा स्वयंपाक. त्या घरांत रोज काही मटण शिजत नव्हतं. डाळ-कांदा आणि पाटोडी (रस्स्यातल्या बेसनाच्या वड्या) त्यांच्याच चुलीवरच्या.

आधी मसाला. इतवारीत किराण्याच्या दुकानात खडा मसाला सुटा मिळतो. धने 50 ग्रॅम, जिरे आणि काळे मिरे 10-10 ग्रॅम, शहाजिरे, लवंग, दालचिनी 5-5 ग्रॅम, चार मसाला वेलची, पाच-सहा तेजपानं, जायपत्रीची एक पाकळी आणि दोन चिमटी दगडफूल. दगडफूल विसरू नका, रस्स्याचा तो जो काळपट, मातकट वास असतो तो त्याचा. सगळं मंद आचेवर कोरडं भाजा, गार करा, मिक्सरमध्ये दळा. महिनाभर पुरतं. सुकं खोबरं आणि खसखस यात दळून ठेवू नका, खोबऱ्याला खवट वास येतो. ते त्या त्या वेळी भाजून वाटायचं.

पहिला पदार्थ डाळ-कांदाच करा, बिघडायला त्यात फार जागा नाही. एक वाटी चणाडाळ दोन तास भिजवा. कढईत चार मोठे चमचे फल्लीतेल (शेंगदाण्याचं), त्यात चार कांदे बारीक चिरून. कांदा गुलाबी नाही, चांगला तपकिरी होऊ द्या. पंधरा मिनिटं लागतात आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. मग आलं-लसणाचं वाटण, हळद, दोन चमचे तिखट, दीड चमचा आपला मसाला, दोन चमचे वाटलेलं खोबरं-खसखस. कडेने तेल सुटेपर्यंत परता. डाळ घाला, दोन वाट्या गरम पाणी, मीठ, झाकण. मंद आचेवर 25 मिनिटं. डाळ बोटाने दाबल्यावर चेपली पाहिजे, पण दाणा अख्खा दिसला पाहिजे. वरून सांभार. (तुम्ही बाहेरचे असाल तर: आपल्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. भाजीवाल्याला कोथिंबीर म्हटलं तरी देतो, पण दोन रुपये जास्त लावतो असा माझा संशय आहे.)

पाणी गरमच का, तर तर्रीसाठी. तिखटाचा रंग आणि झणका पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. मसाल्यातलं पाणी आटलं की ते रंगलेलं तेल सुटं होतं आणि रस्सा मंद उकळत ठेवला की वर येऊन थांबतं. गार पाणी ओतलं तर उकळी मोडते, तेल पुन्हा रस्स्यात मिसळतं आणि तर्री यायला उशीर लागतो. तर्री आली नाही म्हणून वरून तेल ओतू नका. पाच मिनिटं जास्त थांबा.

हे जमलं की पाटोडी. एक वाटी बेसन दोन वाट्या पाण्यात गाठी न ठेवता कालवा. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद, मीठ. त्यात हे पीठ ओतून सराट्याने सतत ढवळा. सात-आठ मिनिटांत गोळा होऊन कढई सोडायला लागतं. झाकण ठेवून दोन वाफा काढा, तेल लावलेल्या ताटात थापा, वर किसलेलं खोबरं आणि सांभार दाबा, गार झाल्यावर वड्या कापा. रस्सा वरचाच, फक्त डाळीशिवाय आणि थोडा पातळ. वड्या ताटात वाढून वर रस्सा घालायचा, रस्स्यात वड्या उकळायच्या नाहीत. मी पहिल्यांदा उकळल्या होत्या. माझा दीर जेवायला होता, दोन घास खाऊन म्हणाला, “वहिनी, चून मस्त झालंय.” चून म्हणजे आपलं पिठलं. पाटोडी विरघळून गेली होती. मी काही बोलले नाही.

चावायला काहीतरी हवं ही तक्रार असेल तर सोयाबीनच्या वड्या आहेत. त्यांचा वास अनेकांना आवडत नाही, पण तो धुण्यातल्या आळसाचा असतो. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार पाण्यात टाका, घट्ट पिळा, पुन्हा पाण्यात घालून पुन्हा पिळा. मग दही, तिखट, मसाला लावून अर्धा तास ठेवा आणि रस्स्यात सोडा. उन्हाळ्यात फणस. गोकुळपेठेच्या बाजारात चिरून मिळतो, तोच घ्या, चिकाच्या भानगडीत पडू नका. सावजी रस्स्यातला फणस डोळे मिटून खाल्ला तर क्षणभर फसायला होतं. मात्र फणसात प्रथिनं नगण्य असतात. तो हौसेला, रोजच्या पोटाला नाही.

प्रथिनांचा धाक तुम्हाला ऑफिसात कोणीतरी घातलाच असेल. हिशेब साधा आहे. वजनाच्या दर किलोला साधारण 0.8 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅमच्या आसपास. कोरड्या सोयावड्या 50 ग्रॅम घेतल्या तर त्यात 25 ग्रॅमच्या घरात प्रथिनं. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. फल्लीदाण्याच्या मोठ्या मुठीत सात-आठ. पोळी, दही यांचं वेगळं. पातळ वरण चार चमचे भातावर घेऊन मात्र हा हिशेब बसत नाही. डाळ वाटीने खायची, चमच्याने नाही.

बी-12 ची गोष्ट वेगळी. ते वनस्पतीत मिळत नाही, आपल्यासारख्यांना दूध-दह्यातूनच थोडंफार मिळतं. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या आणि कमी निघालं तर गोळी डॉक्टरांना विचारूनच. आणि पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळत जा, त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवल्या जेवल्या चहा नको, तो नेमकं उलटं करतो. हे मला फार जड गेलं, मटणापेक्षाही जड.

आठवड्याच्या दिवशी एवढा खटाटोप कोण करतो? मी तरी नाही. कामावरून आलं की कुकरमध्ये पाऊण वाटी तूरडाळ, पाव वाटी चणाडाळ, मूठभर फल्लीदाणे, चिरलेला पालक, हळद. डाळी सकाळीच भिजत घातल्या असतील तर तीन-चार शिट्ट्या पुरतात. वर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. ही झाली डाळभाजी, आपल्याकडच्या लग्नात असते ती. भाताबरोबर एवढी पुरते. तेही नको असेल तर चून, दहा मिनिटांत होतं. आणि डब्यात जवसाची चटणी कायम असू द्या: जवस तडतडेपर्यंत भाजायचा, लाल मिरची, लसूण, मीठ, जिरे घालून दळायचा. पोळीवर तेल आणि ही चटणी, कधीकधी माझं रात्रीचं जेवण तेवढंच असतं.

गोळाभात, म्हणजे डाळीच्या भरडीचे गोळे घातलेला भात, मी इथे सांगत नाही. त्याला भरड वेगळी आणावी लागते, मोहन नीट पडलं नाही तर गोळे दगड होतात आणि पहिल्याच महिन्यात तसला गोळा चावलात तर परत मटणाकडे वळाल. हिवाळ्यात एखाद्या मित्राच्या आईकडे जाऊन खा.

बाहेर खायची वेळ आली तर सावजी भोजनालय टाळायचं कारण नाही, डाळ-कांदा आणि पाटोडी बहुतेक ठिकाणी असते. पण बसण्याआधी विचारा की रस्सा वेगळ्या गंजात (पातेल्यात) होतो का. एका ठिकाणी मी पाटोडीचं अर्धं ताट संपवल्यावर पाहिलं, वाढणारा भाऊ एकच पळी दोन्ही गंजांत फिरवत होता. तुम्हाला चालत असेल तर प्रश्नच नाही. मला नाही चाललं, उरलेलं तसंच ठेवून उठले. सकाळच्या तर्री-पोह्यांवरची तर्री मात्र चण्याच्या रस्स्याची असते, ती निश्चिंत घ्या.

पनीर मी कुठेच लिहिलं नाही, ते मुद्दाम. वाईट नाही, पण सावजी रस्स्यात ते पाहुण्यासारखं बसून राहतं, मसाला आत घेतच नाही.

रविवारी सकाळी उठल्या उठल्या चणाडाळ भिजत घाला. भाकरी येत नसेल तर शिकायच्या फंदात लगेच पडू नका, पोळी-भाजी केंद्रातून ज्वारीच्या दोन आणा. कांदा चिरून ठेवा, आणि डाळ-कांदा फसला तर इथेच लिहा, नेमकं काय झालं ते.