चित्र, आवाज, रील... यातलं खरं काम कुठलं?

प्रश्न: मी चित्रं काढते, त्यांना स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज जोडते आणि त्याचेच तुकडे रील म्हणून टाकते. रील बघून लोक 'मस्त' म्हणतात नि पुढे सरकतात, प्रदर्शनात तर हेडफोनला कुणी हातच लावत नाही. याला मल्टिमीडिया आर्ट म्हणायचं की नुसता पसारा?

उत्तर: पसारा आहे का ते बघायचं तर एकेक माध्यम काढून बघा. व्हिडिओ कलाकार नाम जून पाइक यांचं १९७४चं 'टीव्ही बुद्ध' घ्या, बुद्धाची मूर्ती, समोर टीव्ही, आणि कॅमेरा मूर्तीचंच लाइव्ह चित्र त्या टीव्हीवर दाखवतोय, बस एवढंच. कॅमेरा काढला की उरतं काय, मूर्ती आणि कोरा पडदा. तुमच्या चित्राचं आवाजावाचून काही अडत नसेल तर तो आवाज सजावट आहे, काढून टाका, जिवावर येईल पण काढाच.

रीलचं गणित वेगळं. तिथं आडवं चित्र उभ्या चौकटीत कापलं जातं, बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात, मग प्रदर्शनातलं काम तिथं तसंच्या तसं कोंबून काय उपयोग? त्यापेक्षा चित्राचा इंचभर कोपरा घ्या, तिथला ब्रशचा फटकारा, रंगाला गेलेली चीर, जे प्रदर्शनात दोन हातांवरून दिसतच नाही. आणि हेडफोनचं म्हणाल तर लोक बिचकतात हो, छोटा स्पीकर चित्रामागे लपवा, आवाज बारीक ठेवा, ऐकायला माणूस आपसूक जवळ येतो.

बाकी काही करा न करा, मूळ फाइली स्वतःकडे ठेवा. अपलोड केलेली फाइल कॉम्प्रेस होते, तीच परत उतरवून मास्टर, म्हणजे मूळ प्रत, म्हणून वापरायची नाही. शिवाय प्लॅटफॉर्मचा काय भरवसा? अडोबीने ३१ डिसेंबर २०२०ला फ्लॅशचा, म्हणजे ब्राउझरमध्ये अॅनिमेशन नि गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, सपोर्ट थांबवला आणि ब्राउझरमध्ये चालणारी कितीतरी इंटरॅक्टिव्ह कामं उघडेनाशी झाली, आता रफलसारख्या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, ती चालवतात, तीही सगळी नीट चालतात असं नाही. गुगेनहाइम म्युझियमच्या व्हेरिएबल मीडिया उपक्रमात तर कलाकारालाच विचारायचे, की उद्या हे यंत्र मिळेनासं झालं तर काय करू, जुनंच जपू, नव्या फॉर्मॅटमध्ये नेऊ की काम नव्याने मांडू? तुम्हीही हे आत्ताच ठरवा आणि त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा, स्पीकर किती लांब, आवाज किती, खोलीत अंधार किती, सगळं.